काजूचं बिनदुधाचं चीज डिप: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

घरात कोणाला दूध पचत नसतं, लहान मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी निघते, किंवा कोणी विचारपूर्वक व्हीगन, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासून मिळणारं काहीही नसलेलं, खाणं सुरू करतं. भाजी, आमटी, भाकरी, भात यांत फारसं काही बदलावं लागत नाही. अडतं ते सँडविच, नाचोज आणि पास्त्यापाशी. तयार मिळणारं बिनदुधाचं चीज महाग असतं, लहान गावांत सहज मिळत नाही, आणि बऱ्याच पाकिटांत खोबरेल तेल आणि स्टार्च यांपलीकडे फारसं काही नसतं. काजूचं डिप मात्र घरच्या मिक्सरवर होतं, त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही.

सुरुवातीला एक गोष्ट लक्षात घ्या. चीजची चव चार गोष्टींतून येते: खारटपणा, आंबटपणा, स्निग्धपणा आणि जिभेवर रेंगाळणारी ती खमंग, भरीव चव जिला उमामी म्हणतात. डिप ‘बेचव’ किंवा ‘नुसत्या काजूसारखं’ लागतं तेव्हा या चारांपैकी एक कमी पडलेली असते. कोणती, हे ओळखता आलं की प्रमाण तुमच्या हातात येतं.

१. काय काय लागेल

साधारण ३५० ग्रॅम डिप होईल, चार-पाच जणांना पुरेल एवढं.

- काजू तुकडा किंवा पाकळी: १५० ग्रॅम
- न्यूट्रिशनल यीस्ट: ३ मोठे चमचे (सुमारे १५ ग्रॅम)
- लिंबाचा रस: १ मोठा चमचा, शिवाय चव बघून थोडा
- साधं व्हिनेगर: १ छोटा चमचा
- मीठ: पाऊण छोटा चमचा
- लसूण: १ मध्यम पाकळी
- मोहरीची पेस्ट (सँडविचला लावतात ती मस्टर्ड): अर्धा छोटा चमचा
- वास नसलेलं तेल, सूर्यफुलाचं किंवा राइस ब्रॅन: १ मोठा चमचा
- हळद: चिमूटभर
- काश्मिरी मिरची पूड: पाव छोटा चमचा
- पाणी: १२० मिलि, लागेल तसं

इथे मोठा चमचा म्हणजे १५ मिलि आणि छोटा म्हणजे ५ मिलि. घरातला पोह्यांचा चमचा या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो, आणि प्रत्येक घरचा वेगळा असतो. मीठ आणि लिंबू त्याने मोजलं तर चव हमखास बिघडते. मापाच्या चमच्यांचा संच स्वस्त मिळतो, तो घेऊन ठेवा.

साधनांत मिक्सर आणि त्याचं चटणीचं छोटं भांडं, रबरी किंवा सिलिकॉनचा उलथना, आणि गरम डिप करायचं असेल तर जाड बुडाचं लहान पातेलं. एवढं पुरे.

काजू कोणते घ्यायचे? अख्खे, मोठे काजू घेण्याचं काही कारण नाही. बाजारात डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असे जे आकडे लिहिलेले असतात ते एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात ते सांगतात. आकडा लहान तेवढा काजू मोठा आणि महाग. आपण वाटणारच आहोत, त्यामुळे तुकडा उत्तम. कोकणातून किंवा गोव्यातून येणारं कोणी असेल तर त्यांना तुकडाच आणायला सांगा. मात्र तो न भाजलेला, बिनमिठाचा आणि सोललेला हवा. खारे किंवा भाजलेले काजू घेतले तर डिपला भाजल्याचा वास येतो, रंग काळपट होतो आणि मिठाचा अंदाज चुकतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळणारे ओले काजू उसळीसाठीच ठेवा. त्यांत पाणी जास्त असतं, डिपला दाटपणा येत नाही. विकत घेताना एक तुकडा चावून बघा. तेलकट, खवट चव लागली तर तो माल घेऊ नका. काजूत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असल्यामुळे एकदा खवटपणा आला की लसूण-लिंबाने तो झाकला जात नाही.

२. न्यूट्रिशनल यीस्ट: इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

पाव-केकच्या सामानाच्या दुकानात ‘यीस्ट द्या’ म्हटलं की दुकानदार पाव फुगवायचं ड्राय यीस्ट हातात ठेवतो. ते घेऊ नका. ते जिवंत असतं, कडवट लागतं आणि कच्चं खाल्लं तर पोटात गॅस धरतो. न्यूट्रिशनल यीस्ट त्याच जातीचं असलं तरी उष्णतेने निष्क्रिय केलेलं असतं. ते पिवळसर पापुद्र्यांच्या किंवा भुकटीच्या रूपात मिळतं, आणि त्यात नैसर्गिक ग्लुटामेट (उमामी चव देणारा घटक) भरपूर असल्यामुळे चीजसारखी खमंग चव देतं. मोठ्या शहरांतल्या हेल्थ फूडच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतं. परदेशात राहणाऱ्यांना साध्या सुपरमार्केटमध्येही सापडतं.

नाहीच मिळालं तर? अर्धा मध्यम कांदा बारीक चिरून एक मोठा चमचा तेलात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं सोनेरी होईपर्यंत परता आणि काजूबरोबरच वाटा. सोबत मस्टर्ड दुप्पट करा आणि अर्धा छोटा चमचा टोमॅटो पेस्ट घाला. चव हुबेहूब चीजची होत नाही, पण खमंगपणाची जागा रिकामीही राहत नाही. कांदा करपू देऊ नका, कडू झालेला कांदा सगळं डिप बिघडवतो.

३. पाकिटाची मागची बाजू वाचा

अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी ही पायरी बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची आहे.

पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी आहे, एवढंच. त्यात दूध असू शकतं. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या पावडरीतही अनेकदा सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधाचंच प्रथिन आहे. व्हे, मिल्क सॉलिड्स, केसिन, बटरमिल्क पावडर, घी हे शब्द शोधा. पेरी पेरी मसाला, चीज चवीचे नाचोज, तयार मस्टर्ड सॉस, काही मार्गारीन यांत ते दडलेले असतात. भारतात पाकीटबंद पदार्थांवर दूध, सुकामेवा, शेंगदाणे, सोया वगैरे अ‍ॅलर्जीकारक घटक वेगळे नमूद करणं बंधनकारक आहे; ती ‘कंटेन्स’ची ओळ घटकांच्या यादीजवळच असते. २०२२ पासून व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं) वेगळं हिरवं चिन्हही ठरलेलं आहे, त्यात इंग्रजी व्ही अक्षर असतं.

‘लॅक्टोज फ्री’ आणि ‘बिनदुधाचं’ यांत फरक आहे. लॅक्टोज फ्री दुधातली साखर फोडलेली असते, प्रथिनं तशीच राहतात. ज्याला दूध पचत नाही त्याला ते चालेल, ज्याला दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे त्याला अजिबात नाही.

मिक्सरचं भांडंही बघा. झाकणाच्या आतली रबरी रिंग काढली की खाली जुन्या ताकाचा, लोण्याचा थर दिसतो. अ‍ॅलर्जी असणाऱ्यासाठी करत असाल तर रिंग काढून गरम पाणी आणि साबणाने वेगळी घासा. दुधाचा संबंध टाळायचा म्हणून इतकी काळजी घेतल्यावर आंबटपणासाठी विरजणाचं दही मात्र घालू नका. ‘थोडंसंच तर आहे’ हे अ‍ॅलर्जीला लागू पडत नाही.

४. काजू भिजवा

काजू एकदा धुऊन घ्या. वेळ असेल तर भरपूर पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. घाई असेल तर उकळतं पाणी ओतून झाकण ठेवा आणि २० ते ३० मिनिटं थांबा. मिक्सर ५०० वॅटचा किंवा जुना असेल तर काजू पाण्यात दहा मिनिटं चक्क उकळा, त्याला वाटायला सोपं जातं.

एप्रिल-मे महिन्यांत ओट्यावर रात्रभर भिजवू नका. आपल्याकडच्या उकाड्यात सात-आठ तासांत पाण्याला फेस येतो आणि काजूला आंबूस वास लागतो. असा वास आला तर सगळं टाकून द्या.

लसणाची पाकळी याच गरम पाण्यात टाका; काजू फ्रिजमध्ये भिजवले असतील तर ती वाटीभर गरम पाण्यात वेगळी ठेवा. कच्चा लसूण वाटून ठेवला की त्याचा उग्रपणा तोंडात बराच वेळ राहतो आणि एकट्या लसणाचीच चव पुढे येते. गरम पाण्यात राहिल्याने तिखटपणा बसतो, वास मात्र राहतो.

नंतर पाणी पूर्ण निथळून टाका. भिजवलेलं पाणी वाटायला वापरू नका, नवीन प्यायचं पाणी घ्या.

५. वाटणं: अर्धं काम इथेच

नवशिक्यांचं डिप रवाळ होतं ते बहुतेक वेळा सगळं पाणी एकदम ओतल्यामुळे. पाणी जास्त असलं की काजूचे तुकडे पात्याभोवती नुसते फिरत राहतात, चिरडले जात नाहीत. ओल्या खोबऱ्याची चटणी करताना आधी घट्ट वाटतो आणि मग सैल करतो, तसंच इथे करायचं.

निथळलेले काजू, लसूण आणि फक्त ४ मोठे चमचे पाणी चटणीच्या भांड्यात घ्या. आधी पल्सवर, म्हणजे बटण थांबून थांबून, सात-आठ वेळा फिरवा. जाडसर भरड होईल आणि ती भांड्याच्या भिंतीला जाऊन बसेल. झाकण उघडा, उलथन्याने ती खाली पाडा, पात्याखाली अडकलेलं वर काढा, पुन्हा फिरवा. असं तीन-चार वेळा करावं लागतं. यात कंटाळा करू नका. भरडीची घट्ट पेस्ट झाली की एकेक मोठा चमचा पाणी घालत एकूण १२० मिलिच्या आसपास पोचा, आणि शेवटी वेगात ३०-४० सेकंद सलग फिरवा.

झालं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. थेंबभर पेस्ट अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घेऊन चोळा. कण लागला तर अजून वाटायचं आहे. साजूक तुपासारखी नुसती घसरली तर झालं.

मिक्सरला सलग दोन मिनिटांहून जास्त चालवू नका. मिनिटभर चालवून मिनिटभर थांबवा. घट्ट पेस्टवर मोटर तापते. अचानक बंद पडला तर घाबरू नका, बहुतेक मिक्सरांच्या तळाशी ओव्हरलोडचं लहान बटण असतं. प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, बटण दाबा आणि थोडं पाणी घालून पुन्हा सुरू करा. काजू उकळलेले असतील तर कोमट होऊ दिल्याशिवाय भांड्याचं झाकण लावून फिरवू नका. आतली वाफ झाकण उडवते आणि गरम पेस्ट हातावर येते.

६. चव लावा, एका वेळी एक

तेल कढल्यात कोमट करा, गॅस बंद करा, त्यात हळद आणि मिरची पूड घालून पाच सेकंद ढवळा. कच्च्या हळदीचा उग्र वास यामुळे जातो आणि रंगही खुलतो. हळद खरोखर चिमूटभरच. जास्त घातली की रंग सुंदर आणि चव पिठल्याची, असं होतं.

आता वाटलेल्या काजूत हे तेल, यीस्ट, मस्टर्ड, व्हिनेगर आणि निम्मं मीठ घालून दहा सेकंद फिरवा. चाखा. मग उरलेलं मीठ, मग लिंबू. प्रत्येक वेळी चाखा आणि असा विचार करा:

- सपाट, गोडसर लागतंय: मीठ कमी आहे. काजू मुळात गोडसर असतो, त्याला मीठ जरा जास्तच लागतं.
- जड, तोंडाला चिकटतंय: आंबट कमी. लिंबाचे पाच-सहा थेंब वाढवा.
- खारट-आंबट आहे पण पोकळ वाटतंय: उमामी कमी. एक छोटा चमचा यीस्ट किंवा थोडं मस्टर्ड.
- आंबट जास्त झालं: साखर घालू नका, दोन-तीन भिजवलेले काजू किंवा अर्धा चमचा तेल घालून पुन्हा फिरवा.

थंड पदार्थात मीठ कमी जाणवतं. डिप फ्रिजमधून काढून वाढायचं असेल तर आत्ता चाखताना ते कणभर जास्त वाटायला हवं.

थंड डिप इथे तयार झालं. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं तर चवी एकमेकींत मुरतात आणि डिप थोडं घट्टही होतं.

७. गरम, तार धरणारं डिप हवं असेल तर

चीज ताणलं जातं ते केसिन या दुधातल्या प्रथिनामुळे. काजूत केसिन नाही, त्यामुळे हे डिप कितीही तापवलं तरी वितळणार नाही. उलट काजूतल्या स्टार्चमुळे घट्टच होईल. तार हवी तर ती बाहेरून आणावी लागते, आणि त्यासाठी टॅपिओका स्टार्च (ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्याचं स्टार्च) सगळ्यात चांगलं. कॉर्नफ्लोअरने घट्टपणा येतो पण तार धरत नाही, आणि गार झाल्यावर त्याचा थलथलीत गोळा होतो.

गरम डिप करायचं असेल तर सहाव्या पायरीत लिंबू आणि व्हिनेगर घालू नका. आंबट पदार्थाबरोबर उकळलं की स्टार्चची पकड सैल होते आणि दाट झालेलं डिप पुन्हा पातळ पडतं. शिवाय लिंबाचा ताजेपणाही जातो.

२ मोठे चमचे टॅपिओका स्टार्च ५० मिलि गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. काजूची पेस्ट पातेल्यात काढा, त्यात १५० मिलि पाणी आणि पाव छोटा चमचा जादा मीठ घाला, मग स्टार्चचं पाणी ओता आणि मंद ते मध्यम आचेवर सतत ढवळत राहा. तीन-चार मिनिटांनी तळाशी गुठळ्या दिसू लागतात आणि मिश्रण फाटल्यासारखं वाटतं. हात थांबवू नका, हा मधला टप्पा आहे. आणखी दोन मिनिटांत सगळं एकजीव होतं, चकाकी येते आणि उलथना उचलला की जाडसर तार लोंबते. गॅस बंद करा, लिंबू आणि व्हिनेगर घाला, चाखा, लगेच वाढा. ढवळायचं थांबवलंत तर तळ लागतो, आणि काजूचा लागलेला वास सगळ्या डिपला येतो.

८. काजूही चालत नसतील तर: बटाटा-गाजर

काजूची अ‍ॅलर्जी गंभीर असू शकते, म्हणून पाहुण्यांना वाढण्याआधी ‘यात काजू आहेत’ हे स्पष्ट सांगा. अशा घरांसाठी, आणि खर्च कमी करायचा असेल तरी, हा पर्याय खरंच चांगला आहे.

२५० ग्रॅम बटाटे आणि १०० ग्रॅम गाजर सोलून, चिरून, मऊ शिजवा. ४ मोठे चमचे तेल, भाज्या शिजवलेलं १०० मिलि पाणी, ३ मोठे चमचे यीस्ट, एक छोटा चमचा मीठ, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि भाज्यांबरोबर शिजवलेली लसूण पाकळी घालून कोमट असताना वाटा. एरवी मिक्सरमध्ये फिरवलेला बटाटा चिकट होतो म्हणून आपण टाळतो. इथे तोच चिकटपणा चीजची तार बनतो. तेलात कपात करू नका, नाहीतर बाळाला भरवायच्या भाजीसारखं लागतं. गाजर केशरी घ्या. थंडीतली लाल गाजरं गोड असतात आणि डिप गुलाबी करतात.

९. कशाबरोबर खायचं आणि कशाऐवजी नाही

काकडी, गाजर, सिमला मिरचीचे उभे तुकडे, साधे मिठाचे नाचोज, भाजलेले बटाटे यांबरोबर हे छान जातं. शिळ्या ज्वारीच्या भाकरीचे त्रिकोणी तुकडे करून तव्यावर मंद आचेवर कडक भाजले तर नाचोजची गरज राहत नाही, आणि ही जोडी मला सगळ्यात जास्त आवडते. वडापावात सुक्या चटणीवर चमचाभर घातलं तरी बसतं. पास्त्यासाठी वापरताना पास्ता शिजवलेल्या पाण्याने सैल करा.

पोषणात मात्र हे दुधाची जागा घेत नाही. काजूत कॅल्शियम फार कमी आहे, आणि बी१२ तर नाहीच. शाकाहारी माणसाला बी१२ मुख्यतः दुधातून मिळतं, त्यामुळे दूध पूर्ण सोडलं असेल तर ते कुठून मिळणार याचा विचार आधी करा. न्यूट्रिशनल यीस्टच्या पाकिटावर ‘फोर्टिफाइड’ लिहिलं असेल तरच त्यात बी१२ घातलेलं असतं. लहान मुलाचं दूध बंद केलं असेल तर डॉक्टरांशी बोलूनच आहार ठरवा.

१०. साठवण

काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या चमच्याने, फ्रिजमध्ये चार दिवस. वाढलेलं डिप दोन तासांहून जास्त बाहेर राहिलं असेल तर परत बरणीत घालू नका. वर गुलाबी किंवा हिरवट डाग दिसला, किंवा हलका फेस आला, तर वरचं काढून खालचं खायचा विचार सोडा.

गरम डिप फ्रिजमध्ये घट्ट गोळा होतं, ते बिघडलेलं नसतं. दोन-तीन चमचे पाणी घालून मंद आचेवर ढवळलं की पुन्हा सैल होतं. तार थोडी कमी येते.

जास्त केलं असेल तर थंड डिप बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा आणि खडे झाकणाच्या डब्यात काढून ठेवा, महिनाभर चांगले राहतात. लागतील तेवढे खडे आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढा. सुटल्यावर पाणी वेगळं दिसलं तर छोट्या भांड्यात चमचाभर कोमट पाण्याबरोबर दहा सेकंद फिरवा.